पेंटबॉलची सीओटू टाकी: बर्फ, फुसफुस आणि फुटणारी डिस्क

मार्च संपत आला की पेंटबॉलची (रंगाच्या गोळ्या झाडायच्या खेळाची) मैदानं चालवणाऱ्यांकडून त्याच त्या तक्रारी यायला लागतात. सकाळच्या बॅचला मार्कर, म्हणजे गोळ्या झाडायची बंदूक, नीट चालतो, दुपारच्या बॅचला गोळ्या बॅरलमध्येच फुटतात. क्रोनोवर (गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर) एक गोळी २७० फूट प्रति सेकंद दाखवते, तिच्या मागची ३१०. मध्येच बॅरलमधून पांढरा धूर येतो आणि त्यानंतर मार्कर ढेपाळतो. मार्करला गॅस पुरवणारी सीओटूची (कार्बन डायऑक्साइडची) टाकी काढताना फुस्स होऊन ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) उडते. आणि सगळ्यात घाबरवणारा प्रकार म्हणजे कोपऱ्यात ठेवलेली भरलेली टाकी, कोणी हातही न लावता, फटाका फुटल्यासारखा आवाज करून रिकामी होते.

अशा प्रत्येक वेळी आधी मार्कर उघडला जातो. स्प्रिंग बदलतात, बोल्ट काढून तेल देतात, एखादा सगळा व्हॉल्व्हच नवा मागवतो. मी हे मार्कर दुरुस्त करतो, आणि माझ्याकडे येणाऱ्या मार्करमध्ये दोष क्वचित सापडतो. दोष टाकीत असतो. टाकीतही बहुतेक वेळा गोष्ट एकच निघते: गॅस किती भरला हे कोणी काट्यावर पाहिलेलं नसतं.

त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो. पण टाकीला हात लावण्याआधी एक काम करून घ्या, कारण त्यात जीव जाऊ शकतो.

आधी मानेवर रेघ ओढा

सीओटूच्या टाकीला आट्यांचे दोन जोड असतात. एक, पितळी व्हॉल्व्ह अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीत बसतो तो. दुसरा, तोच व्हॉल्व्ह मार्करच्या अडॉप्टरमध्ये बसतो तो. दोन्ही एकाच दिशेने सुटतात. टाकी काढायची म्हणून तुम्ही ती डावीकडे फिरवता तेव्हा कुठला जोड सुटतोय हे हाताला कळत नाही. ओ-रिंग फुगून व्हॉल्व्ह अडॉप्टरमध्ये घट्ट अडकला असेल, किंवा व्हॉल्व्ह टाकीत मुळात सैल बसवलेला असेल, तर व्हॉल्व्ह मार्करलाच राहतो आणि टाकी त्याच्यावरून सुटत जाते.

पुढे काय होतं याचा हिशोब सोपा आहे. टाकीच्या तोंडाचा व्यास साधारण १६ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ २ चौरस सेंटिमीटर. आत ६० बार दाब. त्या तोंडावर जोर येतो सुमारे १२० किलोचा, आणि टाकीचं वजन जेमतेम किलो-दीड किलो. शिवाय आत द्रव असल्यामुळे थोडा गॅस निघाला म्हणून दाब लगेच उतरत नाही, द्रव उकळत राहतो आणि जोर देत राहतो. अशा सुटलेल्या टाक्या लागून अमेरिकेत माणसं दगावली आहेत, आणि २००४ च्या सुमारास तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने याच धोक्याबद्दल जाहीर इशारा दिला होता. मैदानावरच्या प्रत्येक माणसाला हे माहीत हवं. मार्कर हातात न घेणाऱ्या, नुसत्या बघत बसलेल्या पालकांनाही.

उपाय पाच मिनिटांचा आहे. लाल नेलपॉलिश घ्या. टाकीची मान आणि व्हॉल्व्हचा खालचा भाग स्पिरिटने पुसा आणि दोन्हींवरून एकच सरळ रेघ ओढा, अर्धी पितळेवर, अर्धी अ‍ॅल्युमिनियमवर. वाळली की झालं. व्हॉल्व्ह केसभर जरी फिरला तरी जोडावर रेघ तडकते आणि तिचे दोन तुकडे एकमेकांसमोरून सरकतात. टाकी लावताना, काढताना, भरायच्या आधी आणि भरून झाल्यावर त्या रेघेकडे बघायची सवय सगळ्या पोरांना लावा.

रेघ तुटलेली दिसली तर ती टाकी भरायची नाही, मार्करला लावायची नाही आणि पान्याने आवळायचीही नाही. काढत असतानाच रेघ फिरताना दिसली, किंवा पाऊण-एक फेरा फिरवूनही फुसफुस थांबत नाहीये असं वाटलं, तर पुढे फिरवू नका. उलट दिशेने परत आवळा, मार्कर टाकीसकट सावलीत लोकांपासून लांब ठेवा आणि जाणकाराकडे द्या. टाकी नीट सुटत असेल तर पहिल्या फेऱ्यातच व्हॉल्व्हमधली गॅसची वाट उघडणारी पिन मिटते, मार्करमध्ये उरलेला गॅस क्षणभर फुसफुसतो आणि आवाज बंद होतो. तो बंद होणं हीच टाकी सुरक्षित सुटत असल्याची खूण.

टाकीत दाब कशाने ठरतो

घरातल्या गॅस सिलिंडरप्रमाणेच सीओटूच्या टाकीत खाली द्रव आणि वर वाफ असते. त्यामुळे दाब किती हे आतल्या मालावर ठरत नाही, तापमानावर ठरतं. ० अंश सेल्सियसला साधारण ३५ बार, १० अंशाला ४५, २० अंशाला ५७, ३० अंशाला ७२. (१ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, काही गेजवर तोच आकडा असतो.) टाकी पाऊण भरलेली असो की पाव, २० अंशाला गेज ५७ च्या आसपासच दाखवणार. म्हणून सीओटूच्या टाकीवर गेज लावून किती गॅस उरला ते कळत नाही. वजन केल्यावरच कळतं.

हे झालं ३१ अंशांपर्यंत. ३१ अंश हा सीओटूचा क्रांतिक बिंदू. त्याच्या वर द्रव आणि वाफ असा फरकच उरत नाही, आणि तिथून पुढे दाब ठरतो तो टाकीत किती गॅस कोंबलाय त्यावर. आपल्याकडच्या दुपारी नेमकं हेच घडतं.

या खेळाची सुरुवात झाली अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये, हेनिकर गावाजवळच्या जंगलात, २७ जून १९८१ रोजी. हातात होते नेलस्पॉट ००७, म्हणजे झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करायला बनवलेली पिस्तुलं, आणि त्यांत १२ ग्रॅमची सीओटूची काडतुसं. मोठ्या टाक्या नंतर आल्या, पण सगळी पद्धत बसली ती तिथल्या हवेत. त्या हवेत टाकी दिवसभर २०-२५ अंशांवर राहते. ‘टाकी पूर्ण भरा’ ही सूचना तिथे ठीक आहे. जळगाव, नागपूर किंवा पुण्याच्या मे महिन्यात ती तशीच उचलली तर काय होतं ते बघा.

नियमाने पूर्ण भरलेली टाकी म्हणजे तिच्या दर लिटर आकारमानाला ६८० ग्रॅम सीओटू. एवढी भरलेली टाकी २७ अंशांच्या आसपास पोचली की द्रव फुगून सगळी जागा व्यापतो, वाफेला जागाच राहत नाही. त्यानंतर दर अंशाला दाब झपाट्याने चढतो. ४० अंशाला सुमारे ११० बार, ५० अंशाला १४० च्या वर, ६० अंशाला १८० च्या जवळ. तीच टाकी दोन-तृतीयांश भरली, तर ४० अंशाला दाब ९० बार आणि ५० अंशाला साधारण १०५. आता टाकीवरचा शिक्का वाचा. ‘३एएल १८००’ (३एएल ही अ‍ॅल्युमिनियमच्या टाक्यांची अमेरिकी खूण) असा असेल तर टाकीचा कामाचा दाब १८०० पीएसआय, म्हणजे १२४ बार. दोन-तृतीयांश भरलेली टाकी मेच्या उन्हात त्या मर्यादेच्या आत राहते, पूर्ण भरलेली बाहेर जाते.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, आणि माझ्या संपर्कातल्या प्रत्येक मैदानाला मी हेच सांगतो: मार्च ते जून कुठलीही टाकी दोन-तृतीयांशाच्या वर भरू नका. दर खेळाडूमागे गोळ्या कमी निघतील, भरायला जास्त वेळा बसावं लागेल. बसा.

काटा नसेल तर भरू नका

छोट्या टाक्या औंसात ओळखल्या जातात, आणि तो आकडा गॅसच्या वजनाचा असतो. ९ औंसाची म्हणजे २५५ ग्रॅम, १२ औंसाची ३४० ग्रॅम, २० औंसाची ५६७ ग्रॅम. दोन-तृतीयांशाच्या हिशोबाने उन्हाळ्यात त्यांत अनुक्रमे १७०, २२५ आणि ३८० ग्रॅमच घालायचा. टाकी पूर्ण रिकामी करून व्हॉल्व्हसकट एकदा काट्यावर ठेवा आणि आलेलं वजन न पुसणाऱ्या पेनने बुडावर लिहून ठेवा. पुढे प्रत्येक वेळी फक्त वजाबाकी. स्वयंपाकघरात वापरतात तो डिजिटल काटा पुरतो, फक्त तो किमान पाच किलोचा घ्या.

गॅस भरून देणाऱ्यांकडे गेलात की बहुतेक ठिकाणी ऐकायला मिळतं, “काटा कशाला, दादा? आवाजावरून कळतं.” आवाजावरून खरंच एक गोष्ट कळते: मोठ्या सिलिंडरचा आणि छोट्या टाकीचा दाब सारखा झाला, प्रवाह थांबला. पण दाब तर तापमानाचा. मोठा सिलिंडर टेम्पोतून उन्हात आलेला असेल आणि छोटी टाकी आधीचा गॅस सोडून थंडगार केलेली असेल, तर द्रव सरळ आत येत राहतो आणि टाकी काठोकाठ भरली की मगच आवाज थांबतो. त्या वेळी ती थंड असते, शांत असते, काहीच होत नाही. ती दुपारी मैदानावर तापते तेव्हा तिच्या व्हॉल्व्हमधली सुरक्षेची पातळ डिस्क फुटते. भरणारा माणूस अनुभवी असला, मन लावून काम करणारा असला, तरी कानाला ग्रॅम कळत नाहीत.

भरताना टाकी काट्यावरच ठेवता आली तर उत्तम. नाही तर थोडी भरा, काढा, मोजा. जास्त झाला असेल तर जादा गॅस लगेच सोडा, उघड्यावर, हातमोजे घालून, तोंड स्वतःपासून लांब धरून. ‘थोडंसंच जास्त आहे, पहिल्या खेळात संपेल’ असं म्हणून बाजूला ठेवायची नाही. खेळ उशिरा सुरू होतात.

इथे कायद्याचाही भाग आहे. आपल्याकडे दाबाखालच्या गॅसच्या सिलिंडरांवर पेसोचं, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचं नियंत्रण असतं. गॅस सिलिंडर नियम, २०१६ हे ५०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या आणि १००० लिटरपर्यंतच्या भांड्यांना लागू होतात. २० औंसाच्या टाकीचं आकारमान ८३० मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे ती त्यांत बसते. परवाना असलेल्याकडूनच भरून घ्या. जलदाब चाचणी दर पाच वर्षांनी करायची असते. मानेखाली ठोकलेला महिना आणि वर्ष वाचा, तारीख उलटून गेलेली टाकी भरायला देऊच नका. टाकीवर खोल चरे, पोचा, किंवा अंगाला आच लागल्याची खूण असेल तर ती बाद. तापलेलं अ‍ॅल्युमिनियम मऊ पडतं आणि ते वरून दिसत नाही.

सकाळी २७०, दुपारी ३१०

नुकतीच भरलेली टाकी गार असते. तिच्यातला दाब कमी, त्यामुळे क्रोनोवर वेग कमी येतो. मग कोणीतरी स्प्रिंगचा स्क्रू आवळून वेग २८० वर आणतो. अर्ध्या तासात टाकी हवेच्या तापमानाला येते, दाब चढतो, आणि तोच मार्कर ३१० ने मारायला लागतो. स्क्रू कोणी फिरवला हे तोवर कोणाच्या लक्षातही नसतं.

पेंटबॉलची गोळी साधारण ३ ग्रॅमची. ३०० फूट प्रति सेकंद म्हणजे सुमारे ९१ मीटर प्रति सेकंद, आणि जगभर मैदानांवर हीच वरची मर्यादा धरतात. वेग वीस टक्क्यांनी वाढला तर गोळीची मारक ऊर्जा चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने चढते. जवळून लागली तर नुसता काळानिळा डाग पडून भागत नाही, आणि मास्क सरकलेला असेल तर डोळा जातो.

टाकी भरल्यावर निदान अर्धा तास सावलीत उभी राहू द्या, मगच क्रोनो करा. सकाळी २६० वर लावा म्हणजे दुपारसाठी जागा राहते. जेवणाच्या सुट्टीनंतर प्रत्येक मार्कर पुन्हा क्रोनोवर घ्या, भाड्याचे मार्कर तर नक्कीच, कारण ते ज्यांच्या हातात जाणार ते पहिल्यांदाच खेळत असतात. सुट्टीत टाक्या उन्हात पडू देऊ नका. झाडाखाली ठेवून वर ओलं गोणपाट टाकलं की कडक दुपारीही दाब आटोक्यात राहतो. इतका साधा उपाय आहे, पण मी जी मैदानं पाहिली त्यांतल्या फार थोड्या ठिकाणी तो दिसला.

याच्या उलट एक खोड हिवाळ्यात दिसते. महाबळेश्वर-पाचगणीकडे पहाटे दाब कमी पडतो म्हणून टाकी गरम पाण्याच्या बादलीत ठेवतात. हे कधीही करू नका. बादलीतलं पाणी ६० अंशांचं आहे की ४० चं हे हाताने नीट सांगता येत नाही, आणि पूर्ण भरलेल्या टाकीत या दोन आकड्यांमध्ये सत्तर बारचा फरक आहे. खेळ तासभर उशिरा सुरू करा.

बॅरलमधून बर्फ

पांढरा धूर, अडॉप्टरवर दव गोठलेलं, वेग आधी उसळून मग घसरलेला. याचा अर्थ मार्करमध्ये वाफेऐवजी द्रव शिरतोय. कारणं दोन, आणि ती बहुतेक एकत्रच असतात.

एक, वेगाने गोळ्या झाडणं. द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती टाकीकडूनच घेतली जाते. एका गोळीला अर्धा ग्रॅमच्या आसपास गॅस लागतो. सेकंदाला दहा गोळ्या म्हणजे पाच ग्रॅम, आणि त्याची वाफ करायला लागणारी उष्णता साधारण ७५० वॉटच्या शेगडीएवढी. तेवढी उष्णता टाकीच्या अंगातून येऊ शकत नाही, म्हणून टाकी गारठते, दाब पडतो.

दुसरं कारण टाकीच्या ठेवणीत आहे. मार्करच्या मागे आडव्या लावलेल्या टाकीचं तोंड पुढे असतं. बॅरल खाली झुकवलं की द्रव तोंडाशी येतो आणि थेट मार्करमध्ये जातो. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर झुकवायचीही गरज नाही. कमी भरलेल्या टाकीत ही तक्रार बरीच कमी होते, हा दोन-तृतीयांशाचा दुसरा फायदा.

नेहमीच्या यांत्रिक मार्करसाठी टाकीत सायफनविरोधी नळी बसवून घेता येते. व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला जोडलेली ही पातळ, वाकवलेली नळी आडव्या टाकीत वरच्या वाफेपर्यंत पोचते. पण एक लक्षात घ्या. ती एका विशिष्ट मार्करवर टाकी पूर्ण आवळल्यानंतर वरच्या दिशेने असेल अशी बसवतात. दुसऱ्या मार्करवर आटे वेगळ्या ठिकाणी थांबतात, नळी बाजूला किंवा खाली जाते, आणि मग ती उलट द्रवच ओढते. अशी टाकी आणि तिचा मार्कर यांना एकच नंबर द्या आणि अदलाबदल करू नका. ही नळी घरी बसवू नका, कारण त्यासाठी मानेतला व्हॉल्व्ह काढावा लागतो, आणि त्या जोडात काय धोका आहे ते वर लिहिलंच आहे.

टाकी कमरेच्या पट्ट्यात उभी आणि तिथून मार्करपर्यंत लवचीक पाइप, ही रचना मला स्वतःला जास्त पटते. व्हॉल्व्ह वर राहतो, द्रव खाली राहतो, पाइपमध्ये उरलासुरला द्रव उकळतो. मार्करही हलका होतो, पोरांचे हात दुखत नाहीत.

सोलेनॉइडवर (विजेने उघडझाप होणाऱ्या व्हॉल्व्हवर) चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मार्करला सीओटू लावूच नका, मग ते पुस्तिकेत चालतं असं लिहिलेलं असो किंवा विकणाऱ्याने सांगितलेलं असो. द्रव एकदा आत गेला की सोलेनॉइडचं सील गारठून कडक होतं आणि गळायला लागतं.

फुस्स झालं आणि ओ-रिंग गेली

टाकीच्या तोंडावरची ओ-रिंग ०१५ मापाची असते. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात त्या मापाची काळी नायट्राइल रबराची रिंग सहज मिळते आणि तीच लावली जाते. नायट्राइल सीओटू शोषून घेतं. टाकी सुटली, दाब एकदम उतरला की शोषलेला गॅस रबरातच फुगतो. काढलेली रिंग बोटावर घेऊन बघा: बारीक फोड आलेले दिसतील आणि ती मूळ मापापेक्षा मोठी झालेली असेल. फुगलेली रिंग अडॉप्टरमध्ये अडकते, आणि टाकी काढताना व्हॉल्व्ह अडकायला तेही एक कारण होतं. पॉलियुरेथेनची रिंग घ्या, फिकट पिवळसर, अर्धपारदर्शक, हाताला कडक लागते. ती हे सहन करते. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. इथे सील ओ-रिंग करते, आटे करत नाहीत, आणि टेपचे तुकडे मार्करच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात.

टाकी काढायची पद्धतही सगळ्यांना सारखी शिकवा. बॅरलच्या तोंडावर सॉक (कापडी टोपी), बॅरल मोकळ्या जागेकडे, हॉपर (गोळ्यांचा डबा) काढून आत गोळी नाही याची खात्री. टाकी थोडी सैल करा म्हणजे पिन मिटेल. मार्करमध्ये उरलेला गॅस सुरक्षित दिशेला ट्रिगर दाबून संपवा. मग टाकी पूर्ण काढा. दाब असतानाच टाकी काढली की रिंग खोबणीतून उपटून येते, म्हणून ती दरवेळी फाटते.

टाकी मार्करपासून वेगळी असतानाही फुसफुसत असेल तर पिनखालचं सील गेलंय. साबणाचं पाणी लावून बघा. बुडबुडे पिनपाशी, डिस्कपाशी की मानेच्या जोडापाशी? पिन आणि डिस्कचं काम दुरुस्त होतं. मानेपाशी बुडबुडे आले तर टाकी लगेच बाजूला. बारीक गळती साबणालाही सापडत नाही, तेव्हा रात्री वजन लिहून ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा.

डिस्क फुटली

व्हॉल्व्हच्या बाजूला एक छोटा पितळी प्लग असतो, त्यामागे तांब्याची पातळ डिस्क. ३एएल १८०० टाकीसाठी ती साधारण ३००० पीएसआयच्या, म्हणजे दोनशे बारच्या आसपास फुटते. टाकी फुटू नये म्हणून ती फुटते. नियमाने भरलेली टाकी ६५ अंशांच्या आसपास तिथे पोचते, जास्त भरलेली ५५ अंशांतच. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत हे आकडे अवघड नाहीत.

प्लगला आजूबाजूने भोकं असतात, म्हणजे गॅस सगळीकडे सारखा फवारतो आणि टाकी जागच्या जागी राहते. प्लग हरवला म्हणून कोणताही एकभोकी स्क्रू बसवलेला मी पाहिला आहे. तसं केलं तर डिस्क फुटताक्षणी टाकी त्या भोकाच्या विरुद्ध दिशेला उडते. डिस्क वारंवार फुटते म्हणून दोन डिस्क एकावर एक घालणं, जाड पत्रा कापून लावणं, हे तर टाकीचाच बाँब करणं आहे. डिस्क एकदा सैल केली की ती परत वापरायची नाही. नवी घाला, त्याच टाकीच्या दाबासाठी असलेली, आणि ती का फुटली ते काट्यावर शोधा.

डिस्क फुटत असताना टाकी पकडायला जाऊ नका. बाहेर येणाऱ्या बर्फाचं तापमान उणे ७८ अंश असतं, उघड्या हाताची कातडी धरते. आवाज थांबेपर्यंत लांब राहा.

आता बंद गाडीबद्दल. २० औंसाच्या टाकीतल्या ५६७ ग्रॅमचा गॅस होतो सुमारे ३१० लिटर. मध्यम आकाराच्या गाडीत साधारण तीन हजार लिटर हवा असते. म्हणजे एका टाकीने गाडीतल्या हवेत दहा टक्के सीओटू होतो. चार टक्क्यांनाच तो जिवाला तात्काळ धोकादायक मानला जातो, दहा टक्क्यांना माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो हवेपेक्षा दीडपट जड असल्यामुळे खाली साठतो, मागच्या सीटवर झोपलेल्या मुलाच्या उंचीला. भरलेल्या टाक्या गाडीतून न्यायच्याच असतील तर काचा उघड्या ठेवून, सावलीत, टाक्या गडगडणार नाहीत अशा बांधून न्या, आणि हॉटेलपाशी थांबताना गाडीत सोडून जाऊ नका. गाडीत फुसफुस ऐकू आली तर आधी सगळे उतरा, चारही दारं उघडा, मग टाकी शोधा. टाक्यांची खोली असेल तर तिलाही खाली, जमिनीलगत हवा जायला जागा ठेवा. तळघर नकोच.

हवेवर जायचं असेल तर

बरीच मैदानं आता सीओटू सोडून दाबाखालच्या हवेकडे वळतायत आणि मला ते बरं वाटतं. हवा टाकीत द्रव होत नाही, टाकीवरच बाहेर येणारा दाब एकसारखा ठेवणारा रेग्युलेटर असतो, दुपारचा आणि सकाळचा वेग जवळपास सारखा राहतो. खर्च कंप्रेसरचा आहे. स्कूबा डायव्हिंगवाल्यांकडे तारकर्लीला, गोव्याला असतात तसे उच्च दाबाचे कंप्रेसर लागतात, टायर भरायचा पंप चालत नाही.

पण बदलाच्या काळात, दोन्ही प्रकारच्या टाक्या एकाच मांडणीवर असताना, एक अपघात व्हायला फार जागा असते. सीओटूच्या आणि हवेच्या टाकीचे मार्करमध्ये बसणारे आटे एकसारखे आहेत. हवेची टाकी ३००० किंवा ४५०० पीएसआयसाठी बनवलेली असते, सीओटूची १८०० साठी. हवेच्या फिलिंग होजला अडॉप्टर लावून सीओटूच्या टाकीत ३००० पीएसआय भरायचा ‘जुगाड’ सुचवणारा कोणीतरी भेटतोच. तो दाब म्हणजे त्या टाकीच्या जलदाब चाचणीचा दाब, आणि तोही हातात धरलेल्या टाकीत. उलट्या बाजूने, हवेच्या टाकीत सीओटू भरला तर तिचा रेग्युलेटर द्रवाने खराब होतो आणि बाहेर किती दाब येतोय याचा भरवसा राहत नाही. सीओटूच्या सगळ्या टाक्यांच्या मानेभोवती पिवळा रंग द्या, हवेच्या टाक्या वेगळ्या खोलीत ठेवा, आणि भरायची जागाही वेगळी करा. दोन्ही कामं एकाच पोराकडे असतील तर एका दिवशी एकच प्रकार भरा.